बुटीबोरीचे आरोग्य कोणाला विचारणार?

नागपूरहून दक्षिणेला निघालेला महामार्ग बुटीबोरीला दुभंगतो. एक रस्ता हैदराबादकडे जातो, दुसरा वर्ध्याकडे वळतो आणि पुढे यवतमाळमार्गे तुळजापूरला पोहोचतो. या फाट्याच्या आसपास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जी वसाहत उभी केली तीत आज सूत आहे, पॉलिएस्टर आहे, टायर आहे, वीज आहे, लोखंडकाम आहे. विदर्भाच्या औद्योगिक अनुशेषाची चर्चा निघाली की सत्तेवर कोणताही पक्ष असो, त्याचे बोट बुटीबोरीकडे वळते. किती हेक्टर जमीन संपादित झाली आणि किती कोटींची गुंतवणूक आली, हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखविले जातात. त्या धुराड्यांखाली राबणाऱ्या माणसाची छाती कशी आहे, त्याच्या बायकोच्या अंगात रक्त किती आहे, त्याचे मूल वजनात बसते की नाही, हे आकडे मात्र कोणाच्याच तोंडी नसतात.

ते आकडे गोळा व्हावेत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ते कसे गोळा व्हावेत, हा खरा प्रश्न आहे. आणि नेमक्या याच बाबतीत गेल्या काही वर्षांत एक नवी सोय सर्वांच्या गळी उतरू लागली आहे. प्रश्नावली संगणकावर तयार करावयाची, तिची लिंक व्हॉट्सॲपवर सोडून द्यावयाची आणि आठ दिवसांनी उत्तरे मोजावयाची. शासकीय खाती हे करतात, महाविद्यालये करतात, स्वयंसेवी संस्था करतात. आपल्या कामगार चळवळीतील उत्साही तरुणही आता तेच करू लागले आहेत. दोन हजार लोकांनी उत्तरे दिली असे सांगितले की ऐकणारा दबून जातो. दोन हजार ही संख्या थोडीथोडकी नव्हे! पण हे दोन हजार कोण, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही ते कोण, हे विचारण्याचे भान त्या मोठ्या आकड्यापुढे उरत नाही. बुटीबोरीत अशी एखादी विशिष्ट पाहणी झाली आणि ती फसली, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. परंतु ती उद्या झाली तर तिचे काय होईल, हे आजच सांगता येते. कारण अन्यत्र काय झाले ते आपल्यासमोर आहे.

अशा लिंकला उत्तर कोण देईल याचा जरा विचार करावा. नागपुरात राहणारा आणि कंपनीच्या बसने रोज ये-जा करणारा अभियंता देईल. कार्यालयातील कारकून देईल. कायम कामगारांपैकी जे युनियनच्या गटात आहेत ते देतील, विशेषतः त्यांतील तरुण. याउलट मध्य प्रदेश, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहार येथून ठेकेदारामार्फत आलेला, टाकळघाट किंवा बोरखेडीच्या बाजूला किरायाच्या एका खोलीत पाच-सहा जणांसह राहणारा माणूस बारा तासांची पाळी करून आल्यावर मराठीतील चाळीस प्रश्न वाचीत बसणार नाही. त्याचा फोन साधा असेल. स्मार्टफोन असला तर त्यातील रिचार्ज संपला असेल. आणि दोन्ही असले तरी ‘तुम्हांला कामाच्या ठिकाणी त्रास होतो काय’ या प्रश्नाचे खरे उत्तर मुकादमापर्यंत पोहोचणार नाही, याची हमी त्याला कोणी दिलेली नाही. खोल्यांमधून राहणाऱ्या स्त्रियांचे तर विचारूच नये. घरातील एकुलता एक फोन नवऱ्याच्या खिशात कारखान्यात गेलेला असतो.

हा माझा तर्क नव्हे. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधीतरी इंटरनेट वापरले आहे काय असे विचारले होते. देशातील स्त्रियांपैकी ३३.३ टक्क्यांनी होय म्हटले, पुरुषांपैकी ५७.१ टक्क्यांनी. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्के होते, म्हणजे चौघींत एक. स्वतः वापरावयाचा मोबाइल फोन असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. त्यानंतर फोन वाढले, हे उघड आहे. परंतु फोन हाती असणे वेगळे, आणि अनोळखी प्रश्नावली उघडून, वाचून, निर्भयपणे ती भरण्याइतकी फुरसत, अक्षरओळख व विश्वास असणे वेगळे. हे अंतर एखाद्या स्वस्त डेटा योजनेने मिटत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. उत्तर न देणारे केवळ गरीब आहेत म्हणून पाहणी चुकते असे नाही. उत्तर न देण्याची कारणे आणि आजाराची कारणे एकच असतात, म्हणून ती चुकते. लांब पाळी, अपुरी झोप, दाटीची खोली, अस्थिर नोकरी, या गोष्टी माणसाला आजारीही करतात आणि प्रश्नावलीपासून दूरही ठेवतात. तेव्हा जी चाळण लागते ती आंधळी नसते. ती नेमके आजारी माणूस गाळते आणि निरोगी माणूस राखते. अशा चाळणीतून दोन हजार गेले काय आणि दोन लाख गेले काय, खाली पडणारे पीठ त्याच जातीचे असते.

कारखान्यात ही चाळण लिंक येण्यापूर्वीच सुरू झालेली असते. विल्यम ओगल या ब्रिटिश सांख्यिकाने १८८५ मध्येच लिहून ठेवले होते की, अंगमेहनतीच्या धंद्यात मुळात धडधाकट माणसे शिरतात आणि दुबळी झालेली माणसे त्यातून बाहेर पडतात. त्यामुळे असा धंदा आहे त्यापेक्षा अधिक निरोगी भासतो. बुटीबोरीत ज्याचा दम उखडला तो कंत्राटी कामगार रजेच्या यादीत दिसत नाही. तो शहडोलला किंवा राजनांदगावला आपल्या गावी परत गेलेला असतो, आणि त्याच्या जागी वीस वर्षांचा नवा पोरगा उभा असतो. कारखान्यातील सर्व कामगारांची तपासणी केली आणि कोणीच आजारी आढळला नाही, असे व्यवस्थापनाने सांगितले तर ते अक्षरशः खरे असू शकते. एम्प्रेस मिलच्या काळापासून, म्हणजे १८७७ पासून, नागपूरला कापसाच्या धुळीची ओळख आहे. त्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराची खूण अशी की, साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत अधिक आवळते. पुढल्या दिवसांत, निदान आरंभीच्या अवस्थेत, ती सैल होत जाते. प्रश्नावली मात्र सुटीच्या दिवशी, निवांतपणी भरली जाते. त्या दिवशी विचारले तर गडी म्हणतो, आता बरे आहे.

मोठ्या संख्येचा मोह किती फसवा असतो याचा धडा महाराष्ट्राला नवीन वाटू नये. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे जगाने मानलेले सांख्यिक होते. १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्यासाठी शेतात लहान लहान तुकडे आखून त्यांतील पीक कापण्याची पद्धत वापरली जाई. तुकडा लहान असला म्हणजे काम झपाट्याने होते, आणि तेवढ्याच खर्चात पुष्कळ तुकडे घेता येतात. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की, तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज वाढीव येतो. कारण तुकड्याच्या कडेवर जी ताटे उभी असतात ती कापणारा माणूस नकळत आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. असे हजार तुकडे कापले तरी ही चूक कमी होत नाही, कारण प्रत्येक तुकडा एकाच बाजूला चुकतो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यासारख्या दिग्गजाची भिस्त लहान तुकड्यांवर होती, तरी सुखात्मे यांनी आपला आग्रह सोडला नाही. नमुन्याची संख्या वाढविल्याने योगायोगाची चूक कमी होते, कल असलेली चूक होत नाही, हे सूत्र आपल्या मातीतील माणसाने शेतात सिद्ध केले, आणि आपण ते ऑनलाइन जगात येताच विसरलो.

अमेरिकेनेही ते विसरून पाहिले. कोविडच्या काळात कार्नेगी मेलन विद्यापीठाचा डेल्फी गट फेसबुकच्या साहाय्याने एक पाहणी करीत होता. तिला दर आठवड्यास सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत. तिच्याच जोडीची, मेरीलँड विद्यापीठाने चालविलेली पाहणी भारतासह अनेक देशांत चालू होती. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील किती प्रौढांनी लसीची पहिली मात्रा घेतली, याचा या अवाढव्य पाहणीचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा १७ टक्क्यांच्या फरकाने जास्त निघाला. तेथील जनगणना कार्यालयाची ऑनलाइन पाहणीही १४ टक्क्यांनी चुकली. त्याच वेळी दर खेपेस जेमतेम हजार माणसांना विचारणारी एक खासगी पाहणी बरीचशी अचूक ठरली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या तिन्हींची तुलना प्रसिद्ध झाली. तीत असा हिशेब मांडला होता की, एप्रिल २०२१ मधील अडीच लाखांच्या उत्तरांची खरी किंमत, नीट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा माणसांइतकीच होती. दहा माणसे! आणि या दहांच्या बळावर आपण नेमके सांगत आहोत, अशी अडीच लाखांची घमेंड वर.

या गोष्टीतील एक तपशील मात्र ऑनलाइनच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनीही ध्यानी घ्यावा. ती हजार माणसांची अचूक पाहणीसुद्धा ऑनलाइनच होती. फरक इतकाच की, तिची माणसे आपणहून आलेली नव्हती, ती पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली होती. आणि ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते त्यांना यंत्र व जोडणी पुरविण्यात आली होती. नेदरलँड्समध्ये २००७ पासून चालू असलेला ‘लिस’ या नावाचा सुमारे पाच हजार कुटुंबांचा कायमचा नमुनाही असाच आहे. लोकसंख्येच्या नोंदवहीतून कुटुंबे निवडावयाची, आणि संगणक नसेल तेथे तो द्यावयाचा. यावरून इंटरनेटला दोष देण्यात अर्थ नाही हे दिसेल. कोणाला विचारावयाचे हे पाहणी करणाऱ्याने ठरविले, की उत्तर द्यावयाचे की नाही हे उत्तर देणाऱ्याच्या सोयीवर सोडले, येथे सारी मेख आहे.

आपल्याकडे, आणि विदर्भातच, याचे याहून बोलके उदाहरण आहे. स्त्रियांच्या अंगावरील दुखण्यांविषयी जे काही लिहिले जाई ते इस्पितळात आलेल्या स्त्रियांवरून. आली नाही तिला दुखणे नाही, असा त्यामागील न बोललेला समज. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत इस्पितळाची वाट न पाहता गावातीलच स्त्रियांना तपासले. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. इस्पितळाच्या नोंदवहीत उमटलेले गडचिरोली आणि गावात प्रत्यक्ष नांदणारे गडचिरोली ही दोन वेगळी जगे होती. जग अचंबित झाले ते रोगाच्या प्रमाणाने. खरे तर अचंबा वाटावयास हवा होता तो याचा की, तोवर कोणी दाराशी जाऊन विचारलेच नव्हते. आजची लिंक म्हणजे त्या काळचे इस्पितळच आहे. जो तेथवर येईल त्याचीच नोंद होते.

मुंबईचा दाखला जुलै २०२० चा. महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन विभागांत रक्त तपासून कोविडची लागण कितपत पसरली ते पाहिले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के, झोपडपट्टीबाहेर सुमारे १६ टक्के. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एका रस्त्याच्या दोन बाजूंना! सोसायटीतील फोनधारकांची उत्तरे गोळा करून जर कोणी मुंबईचा आकडा काढला असता, तर तो कोणत्या बाजूचा निघाला असता हे सांगावयास नको. आणि त्यावरून खाटा, प्राणवायू, औषधे यांचे वाटप ठरले असते.

कारण आकडा कागदावर राहत नाही, तो पुढे वाटप ठरवितो. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लसीची नोंदणी केवळ ऑनलाइन ठेवण्यात आली, तेव्हा शहरातील लोक मोबाइलवर जागा पटकावून ग्रामीण केंद्रांवर लस घेऊन जातात, अशा तक्रारी राज्यभर उठल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले. केंद्रावर जाऊन नाव नोंदविण्याची सोयही करण्यात आली. तेथे निदान लसीच्या रांगेत उभा असलेला माणूस डोळ्यांना दिसत होता, म्हणून ओरड झाली. पाहणीतून गळलेला माणूस कोणालाच दिसत नाही. त्याच्या वतीने तक्रार करावयास कोणी पुढे येत नाही, आणि ‘या भागात श्वसनविकाराचे प्रमाण नगण्य आहे’ असे एक वाक्य अहवालात बसून जाते. तेथे दवाखाना मंजूर होत नाही, हवेच्या प्रदूषणाची तक्रार फेटाळली जाते, आणि कारखानदाराच्या वकिलाला एक सरकारी कागद हाती लागतो.

मग करावयाचे काय? जो उपाय सर्वप्रथम सुचविला जातो तो भार देण्याचा. उत्तरे देणाऱ्यांत स्त्रिया कमी असतील तर प्रत्येक स्त्रीचे उत्तर दोनदा मोजा. वृद्ध कमी असतील तर त्यांचे तीनदा. हा उपाय टाकाऊ नाही, पण तो पुरत नाही. वय, लिंग, शिक्षण यांचे भार देता येतात, कारण त्यांचे खरे प्रमाण जनगणनेत मिळते. रातपाळी करणाऱ्यांचे, ठेकेदाराच्या धाकात असणाऱ्यांचे, दमा घेऊन गावी परतलेल्यांचे प्रमाण कोणत्या जनगणनेत आहे? ज्या पंचविशीतल्या सुशिक्षित, निरोगी, कायम नोकरीतल्या माणसाने उत्तर दिले, त्यालाच आपण पंचविशीतल्या थकलेल्या कंत्राटी कामगाराचा प्रतिनिधी म्हणून दुप्पट मोजतो. जो बोललाच नाही त्याचे म्हणणे त्याच्या वयाच्या दुसऱ्याकडून वदवून घेण्याचा हा प्रकार आहे.

खरा उपाय फार जुना आहे. १९४६ मध्येच हॅन्सन आणि हर्विट्झ या दोन अमेरिकन सांख्यिकांनी तो मांडला. त्या काळी प्रश्नावली टपालाने जात, एवढाच फरक. त्यांचे म्हणणे असे की, प्रथम स्वस्त मार्गाने सर्वांना विचारा. जे उत्तर देणार नाहीत त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून एक छोटा नमुना काढा. आणि त्या थोड्यांच्या घरी मात्र माणूस पाठवा, कितीही फेऱ्या घालाव्या लागल्या तरी.

याचा हिशेब एका कल्पित वस्तीवर करून पाहू. समजा, बुटीबोरीच्या एका भागात दहा हजार कामगार राहतात. त्यांतील दोन हजार सुस्थितीत आहेत, त्यांच्यात दर शेकडा दहा जणांना जुना खोकला आहे. उरलेल्या आठ हजारांत दर शेकडा पंचवीस जणांना. म्हणजे एकूण खोकला २,२०० जणांना, शेकडा २२. आता लिंक पाठविली. सुस्थितीतील दीड हजारांनी आणि उरलेल्यांपैकी पाचशेंनी उत्तर दिले. या दोन हजारांत खोकणारे २७५. अहवालात येईल शेकडा चौदा देखील नाही. त्यानंतर ज्या आठ हजारांनी उत्तर दिले नाही, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून केवळ दोनशे जण निवडले आणि त्यांना घरी जाऊन गाठले. तेथे शेकडा सुमारे चोवीस खोकणारे सापडतील. आठ हजारांचे शेकडा चोवीस, म्हणजे सुमारे १,९२०. त्यांत आधीचे २७५ मिळविले की सुमारे २,२०० होतात. दोनशे दारे ठोठावल्याने दोन हजार फॉर्मांची चूक दुरुस्त झाली. वाटल्यास हे गणित कोणत्याही शाखेच्या बैठकीत पाटीवर मांडून दाखवावे. त्याला अंकगणितापलीकडे काही लागत नाही.

परंतु चिठ्ठ्या टाकण्यासाठी आधी यादी लागते, आणि यादी हीच येथली मोठी अडचण आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे देशातील नमुना पाहण्या २०११ च्या याद्यांवर विसंबून राहिल्या. बुटीबोरीसारख्या ठिकाणी एवढ्या वर्षांत वस्त्याच्या वस्त्या नव्या उठल्या. पुढली जनगणना २०२७ ची. तिची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, आणि तीत नागरिकाने स्वतः ऑनलाइन माहिती भरण्याचा पर्यायही ठेवण्यात आला. तो पर्याय जोवर पर्याय आहे तोवर आक्षेपाचे कारण नाही. जनगणनेचा माणूस दारी येण्याचे टळू नये, इतके पाहिले पाहिजे. मतदार यादी या कामी उपयोगी पडत नाही, कारण परप्रांतीय कामगाराचे नाव त्याच्या गावच्या यादीत असते. कारखान्याचा हजेरीपट कंत्राटी माणसाला आपला म्हणत नाही. तेव्हा खोल्यांची यादी आपणच करावयास हवी. घरमालक किराया घेतो, त्याला आपल्या खोल्या नेमक्या ठाऊक असतात. प्रत्येक खोलीला क्रमांक, आणि माणूस निवडावयाचा तो क्रमांकावरून. हे काम कंटाळवाणे आहे. वर्ध्याच्या वाटेवरच सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. तेथील वैद्यकाचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पंधरा दिवस खेड्यात राहून घरोघर जातात. तेव्हा वाट दूरची नाही आणि अनोळखीही नाही.

मग लिंकचा एवढा सोस का? उत्तर सरळ आहे. दाराशी जाणाऱ्या माणसाला मजुरी द्यावी लागते, लिंकला द्यावी लागत नाही. महाराष्ट्रात आजवर दाराशी गेली ती आशा सेविका. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा तापमापक घेऊन घरोघर तीच फिरली, आणि जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जाण्याची पाळी तिच्यावर आली. तिला कामगार म्हणावयाचे नाही, स्वयंसेविका म्हणावयाचे. तिच्या श्रमाला वेतन म्हणावयाचे नाही, मानधन म्हणावयाचे. अशा शब्दच्छलावर उभ्या असलेल्या शासनाला लिंक प्रिय वाटली तर नवल नाही, कारण लिंक मानधनही मागत नाही. अर्थात, राबवून घेतलेल्या आशा सेविकेकडून आणखी एक पाहणी फुकट करून घेणे हाही उपाय नव्हे. लक्ष्य ठरवून दिलेली आणि रात्री थकून घरी आलेली बाई आकडे अंदाजाने भरील, आणि तो दोष तिचा असणार नाही. पाहणीला जाणाऱ्या प्रत्येकीला त्या दिवसाची पुरी मजुरी मिळाली पाहिजे. हा तिच्या हक्काचा प्रश्न तर आहेच, पण मुळात खऱ्या आकड्याचाही आहे.

नको असलेले आकडे दडपण्याची कला दिल्लीला अवगत आहेच. २०१७-१८ च्या ग्राहक खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करणार नाही, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले आणि कारण दिले ते आकड्यांच्या दर्जाचे. त्या पाहणीत निदान काही निष्कर्ष निघाले होते, म्हणून ते दडपावे लागले. आपोआप आलेल्या उत्तरांच्या पाहणीत तो त्रासही उरत नाही. गैरसोयीचा माणूस आधीच गळलेला असतो.

म्हणून आपल्या पक्षाच्या व युनियनच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे तज्ज्ञांची बाब म्हणून पाठ फिरवू नये. बुटीबोरीच्या आरोग्याविषयी जो कोणी अहवाल पुढे आणील, मग ते शासन असो, कारखानदारांची संघटना असो की आपलेच मित्र, त्यांच्याकडे आधी तीन-चार गोष्टी मागाव्यात. किती जणांना विचारले आणि किती जणांनी उत्तर दिले? निवड कोणत्या यादीतून केली? उत्तर न देणाऱ्यांच्या घरी कोणी गेले काय, आणि तेथे काय आढळले? कंत्राटी कामगार, परप्रांतीय आणि स्त्रिया यांची उत्तरे स्वतंत्रपणे मांडली आहेत काय? ही माहिती नसेल तर निष्कर्ष आपल्या बाजूचा असला तरी तो मोर्चाच्या फलकावर लिहू नये. कारण प्रतिपक्षाकडेही सांख्यिक असतात, आणि आपला कच्चा आकडा एकदा सुनावणीत कोसळला की त्याबरोबर आपली खरी तक्रारही कोसळते.

आणि आपण स्वतः पाहणी हाती घेऊ तेव्हा ती लिंकने सुरू करावयास हरकत नाही. ती मराठीबरोबर हिंदीतही असावी, वाचता न येणाऱ्यासाठी फोनवर ऐकून उत्तर देण्याची सोय असावी, आणि तीत कारखान्याचे वा ठेकेदाराचे नाव विचारू नये. कामाचा प्रकार कळला तरी पुरे. जे गावी परत गेले त्यांच्याविषयी त्यांच्या खोलीतील सोबत्यांना विचारावे: गेल्या वर्षभरात येथून किती जण आजारपणामुळे गेले, कोणत्या दुखण्याने गेले. खर्चाच्या अंदाजात, कुलूप असलेल्या खोलीवर निदान तीनदा जाण्याची मजुरी धरावी. तीही वेगवेगळ्या वेळी, कारण सकाळी कुलूप असेल तेथे संध्याकाळीही असेलच असे नाही. रातपाळीच्या माणसाला सकाळी उठवू नये, तो नुकताच निजलेला असतो. त्याच्याकडे दुपारी चारच्या पुढे जावे.